सहा दर्शनांचं भांडण परस्पर मिटवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही षड्दर्शनांवर, म्हणजे जुन्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या सहा परंपरांवर, अख्खं पान दिलंत त्याबद्दल आधी आभार, कारण मराठी पेपरात न्याय-वैशेषिक असले शब्द छापून येणंच आता दुर्मिळ झालंय, अध्यात्माच्या कॉलममध्ये रोज तेच ते मन शांत ठेवा आणि पॉझिटिव्ह राहा. पण पान वाचून झाल्यावर डोकं जरा सरकलं हे पण सांगते. सगळ्या लेखाचा सूर काय, तर सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, मीमांसा, वेदांत या सहा वाटा आहेत, सगळ्या शेवटी एकाच शिखरावर पोचतात, मधले वाद वगैरे वरवरचे. ऐकायला गोड आहे. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच फॉरवर्डही झालं आणि खाली हात जोडलेले इमोजी. पण हे खरं नाहीये हो. त्या लोकांनी हजार-दीड हजार वर्षं एकमेकांशी जे डोकं लावलं त्यावर एका पानात बोळा फिरवलात तुम्ही.

मी साताऱ्याला वकिली करते, शास्त्री-पंडित अजिबात नाही. पण गेली काही वर्षं आम्ही चार-पाच जण रविवारी एका गुरुजींकडे तर्कसंग्रह, म्हणजे न्याय-वैशेषिकाचं सुरुवातीचं पुस्तक, शिकतोय, त्यामुळे या लोकांशी थोडीफार ओळख झालीय, आणि ओळखीच्या माणसाबद्दल कोणी भलतंच बोललं की गप्प बसवत नाही.

तर पहिली गोष्ट, शिखर एक नाहीच. मोक्ष म्हणजे काय हे प्रत्येकाला वेगवेगळं विचारून बघा. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचा माणूस, म्हणतो दुःखाचा कायमचा शेवट, बस. त्या अवस्थेत आत्म्याला सुख पण नाही आणि ज्ञान पण नाही, कारण ज्ञान, सुख, इच्छा हे सगळे गुण आत्म्याचा मनाशी संयोग झाला तरच उपजतात, तो संयोग सुटला की आत्मा नुसता उरतो. वेदांती म्हणतो छे, जाणीव हेच तर आत्म्याचं स्वरूप, ती जाईल कुठे, आणि मोक्ष म्हणजे आनंद. सांख्याचं तिसरंच, पुरुष, म्हणजे आत्मा, आधीपासूनच मोकळा आहे, तो नुसता बघणारा, मी म्हणजे ही प्रकृती, जग ज्यातून होतं ते मूळ द्रव्य, नव्हे एवढं एकदा कळलं की काम झालं, पण तिथे आनंदही नाही आणि ब्रह्मात मिसळणंही नाही, प्रत्येक पुरुष आपापला सुटा. आणि जुने मीमांसक मोक्षाचं फार नावच काढत नव्हते, यज्ञ करा, स्वर्ग मिळवा, सरळ हिशोब.

हे वरवरचं आहे असं त्यांना स्वतःला वाटत होतं का? श्रीहर्षानं 12व्या शतकात नैषधीयचरित या काव्यात वेद-परलोक न मानणाऱ्या चार्वाकाच्या तोंडी एक टोमणा घातलाय, की जिवंत जाणत्या माणसांना दगड होण्याचा मोक्ष ज्यानं शिकवला तो गोतम (न्यायसूत्रांचा कर्ता, आणि गो म्हणजे बैल), आता नावावरूनच ओळखा तो कसला बैल असेल ते. श्रीहर्ष स्वतः अद्वैती, म्हणजे वेदांतातल्या एका शाखेचा. आणि एका वैष्णवाचा श्लोक प्रसिद्ध आहे, की वृंदावनात कोल्हा होऊन राहीन पण वैशेषिकांची मुक्ती नको (ती नैयायिकांसारखीच). आता सांगा, एकाच शिखरावर निघालेली माणसं एकमेकांच्या मुक्कामाला दगड म्हणतील का.

बरं, तुमच्या लेखातलं शिखर नीट बघितलंत तर ते सहांपैकी एकाचंच आहे. सगळं एक आहे, भेद दिसतो तो आभास, हे अद्वैत वेदांताचं म्हणणं. म्हणजे वाद मिटवल्यासारखं दाखवायचं आणि निकाल एका पार्टीच्या बाजूने द्यायचा, बाकी पाच जणांना नोटीस पण नाही! आमच्याकडे याला एकतर्फी निकाल म्हणतात आणि तो वरच्या कोर्टात टिकत नाही. आता हा समन्वय तुमच्या लेखकानं घरी बसून काढला असंही मी म्हणत नाही, त्याला जुना आधार आहे. 16व्या शतकात विज्ञानभिक्षूनं सांख्य-योग-वेदांत जुळवायचा खटाटोप केला, अद्वैती मधुसूदन सरस्वतींनीही प्रस्थानभेद या ग्रंथात सगळ्या मुनींचा अंतिम रोख अद्वैताकडेच असं मांडलं. पण हेच मधुसूदन सरस्वती दुसरीकडे काय करत होते? जीव आणि ईश्वर वेगळे मानणाऱ्या माध्व मताच्या व्यासतीर्थांनी न्यायामृत लिहून अद्वैताची ओळ न् ओळ खोडली होती, तिला उत्तर म्हणून ते अद्वैतसिद्धी लिहीत होते. त्यावर माध्वांकडून तरंगिणी आली, त्यावर पुन्हा अद्वैत्यांकडून ब्रह्मानंदी. तरंगिणीकार रामाचार्य आधी मधुसूदनांकडेच शिकले आणि मग त्यांचंच खंडन लिहून बसले अशी आख्यायिका आहे. खरी असो नसो, पण असली गोष्ट लोकांनी आवडीनं सांगितली यावरून तेव्हाचं वातावरण कळतं. आपल्याकडे सोलापूर-पंढरपूर भागात स्मार्त (अद्वैताकडची) घरं आणि वैष्णव (माध्व) घरं अजून शेजारी शेजारी आहेत, एकादशी कुठल्या दिवशी यावरून दर काही महिन्यांनी बोलणं होतंच, त्यांना जाऊन सांगा बरं की तुमचा भेद वरवरचा आहे म्हणून.

ईश्वराबद्दल तर लेखात सरसकट लिहिलंय की सहाही दर्शनं ईश्वर मानतात म्हणून ती आस्तिक. हे साफ चुकलंय. सहांना एकत्र बांधणारी गोष्ट वेदांचं प्रामाण्य ही आहे, ईश्वर नाही. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका उघडा, सत्तर-बहात्तर कारिकांचा छोटा ग्रंथ आहे, जगाची पूर्ण मांडणी त्यात आहे आणि ती ईश्वराला बोलावल्याशिवाय झालेली आहे (लेखकाचं नाव ईश्वरकृष्ण, ही गंमत वेगळीच). वासरासाठी गाईचं दूध जसं नकळत स्रवतं तशी प्रकृती पुरुषाच्या सुटकेसाठी आपोआप चालते, चालवणारा कोणी लागत नाही. योगात ईश्वर आहे, पण तो क्लेश आणि कर्म यांचा स्पर्श न झालेला एक विशेष पुरुष, जग बनवणारा नव्हे.

आणि सगळ्यात भारी म्हणजे मीमांसक. वेदांशी यांच्याइतकं इमान कोणाचंच नाही, वेदाचं एक अक्षर वाया जाऊ देणार नाहीत, आणि जगाचा निर्माता मात्र यांना मान्य नाही. 7व्या शतकातल्या कुमारिल भट्टानं श्लोकवार्तिकात जे प्रश्न विचारलेत ते आज कोणी स्टेजवरून विचारले तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरावर मोर्चा जाईल. जग नव्हतं तेव्हा प्रजापती होता कुठे, कशावर? त्याला शरीर होतं का, असेल तर ते कोणी बनवलं, नसेल तर बनवायची इच्छा कुठून आली? दयेपोटी बनवलं म्हणाल तर जीवच नव्हते मग दया कोणाची, आणि दयेनं बनवलं तर एवढं दुःख कशाला ठेवलं? काही हेतूशिवाय तर मंद माणूससुद्धा हात हलवत नाही, 'प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते'. हे लिहिणारा माणूस वैदिक धर्माचा कट्टर वकील होता बरं का.

याच्या उलट टोकाला नैयायिक उदयन. त्यानं न्यायकुसुमांजली लिहिली ती फक्त ईश्वर आहे हे अनुमानानं सिद्ध करायला. त्याची पुरीची गोष्ट सांगतात, जगन्नाथाच्या दर्शनाला गेला तर दार बंद, तर हा बाहेरून देवालाच म्हणतो, ऐश्वर्यानं माजलायस, मला विचारत नाहीस, पण बौद्ध आले की तुझं असणं माझ्याच हातात आहे. काय तो कॉन्फिडन्स! कुमारिल आणि उदयन, दोघेही सहांच्या आतले, दोघेही वेद मानणारे, आणि ईश्वराच्या प्रश्नावर समोरासमोर उभे. यांना एका वाक्यात गुंडाळायचं म्हणजे दोघांचाही अपमान.

तुम्ही म्हणाल मराठी वाचकाला एवढं कशाला. मराठी वाचकाला तर हे साडेसातशे वर्षांपूर्वीच सांगून झालंय. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात सुरुवातीच्या ओव्यांत गणपतीचं रूपक आहे, त्यात माउली म्हणतात:

देखा षड्दर्शनें म्हणिपती । तेचि भुजांची आकृति ।
म्हणौनि विसंवादें धरिती । आयुधें हातीं ॥

सहा दर्शनं म्हणजे सहा हात, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही म्हणून प्रत्येकाच्या हातात आयुध वेगळं. पुढे तर्काचा परशु येतो, अंकुश येतो, वेदांताचा मोदक येतो, आणि एका हातात मोडलेला दात, तो वार्तिककारांनी, म्हणजे टीकाकारांनी, खंडन केलेल्या बौद्धमताचा. मूर्ती एक आहे हे माउलींनाही म्हणायचंय, त्यात वाद नाही, पण मूर्ती एक करायला त्यांनी हातातली शस्त्रं काढून घेतली नाहीत. तुमच्या पुरवणीत मोदक तेवढा ठेवलाय. आणि माउली स्वतः काही कमी भांडत नाहीत, अमृतानुभवातलं सगळ्यात मोठं प्रकरण अज्ञानखंडनाचं आहे, अज्ञान नावाची काही वस्तू आहे आणि तिच्यामुळे जग दिसतं असं म्हणणाऱ्यांना तिथे एकेक दाखला देत असं काही धुतलंय की विचारू नका, आणि तो मार बसतो अद्वैत मांडणाऱ्यांच्याच नेहमीच्या युक्तिवादाला.

बरं सहा हा आकडा तरी कुठे पक्का आहे. 8व्या शतकात जैन आचार्य हरिभद्रानं षड्दर्शनसमुच्चय लिहिला त्याची सहा दर्शनं म्हणजे बौद्ध, न्याय, सांख्य, जैन, वैशेषिक आणि जैमिनीय, म्हणजे मीमांसा. वेदांत यादीत वेगळा नाहीच! 14व्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात सोळा दर्शनं आहेत, सुरुवात चार्वाकापासून. तुमच्या चौकटीत बौद्ध, जैन, चार्वाक यांचं नाव पण नाही, पण दिङ्नाग आणि धर्मकीर्ती हे बौद्ध वजा केले तर न्यायावर लिहिणाऱ्या उद्योतकरानं आणि वाचस्पतीनं एवढे जाडजूड ग्रंथ कोणाला उत्तर म्हणून लिहिले तेच कळत नाही.

आता वाद म्हणजे नुसती तूतू-मैंमैं नव्हती, म्हणून एक साधं उदाहरण देते, मडक्याचं. सांख्य म्हणतो मडकं मातीत आधीपासून होतंच, फक्त प्रकट झालं, नसलेलं काही उपजत नाही, तीळ गाळले तर तेल निघतं, वाळूतून निघत नाही. (शाळेत वामनपंडितांचं 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता' घोकलेल्या आपल्या पिढीला हे पटायला जरा जड.) नैयायिक म्हणतो मडकं आधीच होतं तर कुंभाराला मजुरी कशाची देता, आणि मातीच्या गोळ्यातून पाणी भरून दाखवा. सांख्य म्हणतो कुंभारानं फक्त ते उघड केलं. नैयायिक लगेच पकडतो, हे जे उघड होणं आहे ते आधी होतं की नव्हतं? होतं म्हणालात तर कुंभार पुन्हा बिनकामाचा, नव्हतं म्हणालात तर नसलेलं उपजलं की नाही, म्हणजे तुम्ही आमच्याच बाजूला आलात. अद्वैती बाजूला उभा राहून म्हणतो, तुम्ही दोघे मडकं मडकं करताय, खरी फक्त माती, मडकं हे नाव. हे ऐकताना वाटतं की मडक्यात काय एवढं, पण हाच प्रश्न मग जगाला लावायचा असतो, तेव्हा जग खरं की आभास, ईश्वर लागतो की नाही, सगळं यावर ठरतं.

आमच्या वर्गात हे कसं चालतं ते सांगते. तर्कसंग्रहात पृथ्वी, आप, तेज वगैरे मनापर्यंत नऊ द्रव्यं, म्हणजे जगातल्या मूळ वस्तू, आहेत, तर भाट्ट, म्हणजे कुमारिलाच्या परंपरेतल्या, मीमांसकांचा आक्षेप येतो की अंधार हे दहावं द्रव्य का नाही. त्या दिवशी नेमकी लाइट गेलेली, मेणबत्ती लावून बसलो होतो. गुरुजींनी एका बँकेत काम करणाऱ्या मुलाला मीमांसक केलं. तो म्हणाला अंधार मला दिसतो, तो काळा आहे म्हणजे रंग आहे, मेणबत्ती पुढे नेली तर तो मागे सरकतो म्हणजे हालचाल आहे, रंग आणि हालचाल असेल ती वस्तू द्रव्यच असणार. मी हसले आणि म्हणाले अंधार म्हणजे उजेड नसणं, सोपं आहे. गुरुजींनी मला थांबवलं, म्हणाले वकीलबाई, आधी त्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडा, मग खोडा. मांडायला गेले तर दहा मिनिटं मला उत्तरच सुचेना! शेवटी त्यांनीच नैयायिकाचं उत्तर सांगितलं, की रंग असलेली वस्तू डोळ्यांना दिसायला उजेड लागतो, अंधार मात्र उजेड नसतानाच दिसतो, म्हणून तो रंगीत वस्तू असू शकत नाही, आणि सरकतो तो अंधार नाही, मेणबत्ती सरकते. तरी तो बँकवाला मुलगा घरी जाईपर्यंत हटला नाही.

आपल्या शास्त्रग्रंथांची रीतच ही आहे, आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, आणि तो पण भक्कम. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्याला प्रधानमल्ल म्हटलंय, आखाड्यातला मुख्य पैलवान, त्याला चीत केलं की बाकीच्यांना वेगळं पाडायची गरज नाही. समोरच्याला मुख्य पैलवान म्हणायला पण मोठं मन लागतं. आणि वाचस्पती मिश्र तर कमालच, न्यायावर लिहिलं, सांख्यावर लिहिलं, योगावर, मीमांसेवर, वेदांतावर लिहिलं, आणि ज्या शास्त्रावर लिहितोय त्याचीच बाजू इमानदारीनं लढवली, एकाचं पीठ दुसऱ्यात मिसळलं नाही.

मीमांसेला तुम्ही यज्ञाचं शास्त्र म्हणून दीड ओळीत उरकलंत त्याचं वकील म्हणून मला जास्त लागलं. यज्ञ किती जण करतात सोडा, पण दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध गेली तर कुठलं ऐकायचं, मुख्य कुठलं आणि दुय्यम कुठलं, नुसती स्तुती कुठली आणि हुकूम कुठला, हे ठरवायचे नियम मीमांसासूत्रांचा कर्ता जैमिनी आणि त्याचा भाष्यकार शबर यांच्या परंपरेनं बांधले. मिताक्षरेसारखे धर्मशास्त्राचे ग्रंथ त्याच नियमांनी वारसा आणि वाटणीचे अर्थ लावतात. 2006 साली सुप्रीम कोर्टात कस्टम्सच्या एका केसमध्ये, मुंबईच्या कस्टम्स कमिशनरची केस होती ती, न्या. मार्कंडेय काटजू यांनी गुणप्रधान न्याय हा मीमांसेतला नियम लावलाय, कायद्याचं कलम प्रधान, त्याखाली केलेला नियम गौण, दोघांत टक्कर झाली तर प्रधान टिकणार. जहाजाच्या मालाच्या किमतीवरचा वाद आणि त्यात जैमिनी! आणि हे आपल्याच शेजारी आहे, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशाचे सात खंड केले, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणाऱ्या भीमाचार्य झळकीकरांनी न्यायकोश केला, वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी तो पुन्हा संपादून 1928 साली पुण्यातून काढला. 1983 साली पुण्यातच मे. पुं. रेगे, दयाकृष्ण या तत्त्वज्ञ मंडळींनी पारंपरिक नैयायिक-मीमांसक पंडितांना आणि विद्यापीठातल्या फिलॉसॉफीच्या प्राध्यापकांना एकत्र बसवलं होतं आणि बर्ट्रंड रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञाचे मुद्दे संस्कृतात मांडून पंडितांना विचारलं होतं बोला, तुमचं यावर काय म्हणणं आहे. तुमच्या पानावर यातलं काही नाही, त्या जागी सूर्यास्तासमोर पद्मासन घातलेल्या मुलीचा मोठा फोटो आहे. योगसूत्रं दोनशेच्या आत, त्यात आसनावर तीन, पण फोटो नेहमी आसनाचाच.

वाद दाखवले तर समाजात फूट पडेल अशी भीती लेखाच्या शेवटी आहे. मला वाटतं उलट आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत, खरं काय ते शोधायला करतात तो वाद, नुसतं जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची फक्त खोडायची ती वितंडा. छल पण सांगितलाय, त्याचं उदाहरण असं की कोणी म्हटलं हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे अंगावर नवी घोंगडी आहे, तर समोरचा म्हणतो कुठायत नऊ घोंगड्या, एकच तर दिसतेय. हरल्याची बावीस ठिकाणं, म्हणजे निग्रहस्थानं, मोजून दिली आहेत. तुमच्या पेपरच्या फेसबुक पेजवर कुठल्याही बातमीखालच्या कमेंट वाचा, नव्वद टक्के छल आणि वितंडा, नऊ घोंगड्या शोधणारेच जास्त. भांडायचं कसं ते विसरलोय आपण, आणि ते शिकवणारं शास्त्र तुम्ही शांततेच्या नावाखाली पुसताय.

तेव्हा विनंती एवढीच की ही लेखमाला पुढे चालवणार असाल तर पुढच्या वेळी एकच विषय घ्या, समजा जगाला कर्ता लागतो का, आणि दोघांना लिहायला बसवा, एकाला कुमारिलाच्या बाजूने, दुसऱ्याला उदयनाच्या. अट एकच, प्रत्येकानं आधी दुसऱ्याची बाजू लिहायची आणि ती दुसऱ्याला दाखवायची, तो हो म्हणाला की मग खंडन. जागा कमी पडली तर राशिभविष्याची घ्या, एका रविवारी कोणाचं काही अडत नाही.

आपली नेहमीची वाचक,
सातारा

ता. क. सांख्याच्या चौकटीत तत्त्वं चोवीसच छापली गेलीत. पंचवीस पाहिजेत. मी दोनदा मोजली, गाळला गेलाय तो पुरुष.